मुंबई किती लांब आहे?

(मॉरिशसमधील एका प्राथमिक शाळेत सकाळच्या सभेत मराठीच्या बाईंनी मुलांसमोर केलेले हे भाषण आहे. बोलताना त्यांच्यासमोर टेबलावर पृथ्वीगोल, दोरा आणि पट्टी होती. वाचताना तुम्हीही या तीन वस्तू जवळ ठेवा.)



मागच्या वर्षी पाचवीच्या वर्गात मी फळ्यावर एक प्रश्न लिहिला होता. प्रश्न अगदी साधा होता. 'मुंबई किती लांब आहे?'

एका मुलाने लगेच हात वर केला. त्याचे काका नुकतेच मुंबईला जाऊन आले होते. तो म्हणाला, "बाई, मुंबई सहा तास लांब आहे."

पुढच्या बाकावरच्या मुलीने मान हलवली. ती म्हणाली, "नाही बाई. मुंबई चार हजार सातशे किलोमीटर लांब आहे. मी पुस्तकात वाचले आहे."

मग शेवटच्या बाकावरून हळूच आवाज आला, "दीड तास."

सगळा वर्ग हसला. "दीड तासात मुंबई? तेवढ्या वेळात तर माएबूरची बससुद्धा कधीकधी पोर्ट लुईला पोचत नाही!" असे कोणीतरी ओरडले. ती मुलगी खाली बघू लागली. मी तिला जवळ बोलावले आणि विचारले, "दीड तास कशावरून म्हणालीस?" ती म्हणाली, "मुंबईच्या मावशीला फोन करायचा असला की आई आधी घड्याळ बघते. ती म्हणते, तिकडे दीड तास पुढे आहे."

मी वर्गाला सांगितले, "हसू नका. तिघांचीही उत्तरे बरोबर आहेत." मुले चकित झाली. एका प्रश्नाची तीन उत्तरे, आणि तिन्ही बरोबर, हे कसे?

मुलांनो, आज मी तेच तुम्हांला सांगणार आहे. माझ्या आजीने या प्रश्नाचे चौथे उत्तर दिले होते. तेही सांगेन, पण अगदी शेवटी.

आधी किलोमीटरचे उत्तर पाहू.

एखादे अंतर मोजायचे झाले तर तुम्ही काय कराल? नकाशा उघडाल आणि पट्टी ठेवाल. जवळच्या गावांसाठी ते चालते. पण दूरच्या देशांसाठी चालत नाही. कारण पृथ्वी गोल आहे आणि नकाशाचा कागद सपाट आहे. संत्र्याची साल टेबलावर सपाट करून पाहा. ती कुठेतरी फाटते, कुठेतरी ताणली जाते. पृथ्वी कागदावर काढतानाही तसेच होते. म्हणून सपाट नकाशावरचे लांबचे अंतर फसवे असते.

त्यासाठी हा पृथ्वीगोल घ्या. हा गोल मध्यम आकाराचा आहे. याच्या बरोबर मध्यातून जाणारी ही आडवी रेषा पाहा. हिला विषुववृत्त म्हणतात. मी या रेषेवरून दोरा गुंडाळते आणि मोजते. बरोबर १०० सेंटिमीटर दोरा लागला. खऱ्या पृथ्वीला विषुववृत्तावरून एक फेरी मारायची तर सुमारे ४०,००० किलोमीटर जावे लागते. म्हणजे आपल्या गोलावरचा एक सेंटिमीटर हा खऱ्या पृथ्वीवरचे ४०० किलोमीटर झाला.

आता दोऱ्याचे एक टोक मॉरिशसवर ठेवू आणि दुसरे मुंबईवर. दोरा घट्ट ताणून धरू. ताणलेला दोरा आपोआप सर्वांत जवळच्या वाटेवर बसतो. आता दोरा पट्टीवर ठेवा. किती भरला? पावणेबारा सेंटिमीटर. पावणेबारा गुणिले चारशे करा पाहू. चार हजार सातशे! पुढच्या बाकावरच्या मुलीचे उत्तर असे बरोबर निघाले.

४,७०० किलोमीटर म्हणजे नेमके किती, ते डोळ्यांसमोर येते का? आपले बेट उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत सुमारे ६५ किलोमीटर लांब आहे. अशी बहात्तर बेटे एकापुढे एक ठेवली, तेव्हा कुठे ही ओळ मुंबईला पोचेल. आणि या सगळ्या वाटेवर जवळजवळ पाणीच पाणी आहे. निघाल्यावर थोड्या वेळाने आपल्याच देशाची सेंट ब्रँडनची छोटी बेटे वाटेजवळ येतात. पुढे डाव्या हाताला खूप दूर सेशेल्स बेटे राहतात. उजव्या हाताला, तितकीच दूर, आधी चागोस आणि नंतर मालदीव बेटे राहतात. विमानातून ती दिसत नाहीत. खाली फक्त हिंदी महासागर असतो.

आता दुसरे उत्तर पाहू. सहा तास कसे झाले?

मोठे प्रवासी विमान उंचावर गेले की तासाला सुमारे ८५० किलोमीटर जाते. ४,७०० ला ८५० ने भागा. साडेपाचच्या थोडे वर उत्तर येते. मग सहा तास का लागतात? कारण विमान सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच वेगाने जात नाही. प्लेझान्सच्या विमानतळावर ते आधी हळूहळू धावपट्टीच्या टोकाशी जाते. उडाल्यावर चढ चढायला त्याला वेळ लागतो. मुंबई जवळ आली की ते वेग कमी करत खाली येते. कधी समोर वादळाचे ढग असतात, तेव्हा वळसा घ्यावा लागतो. कधी मुंबईच्या आकाशात विमानांची गर्दी असते, तेव्हा उतरण्यासाठी थांबावे लागते. तुमची शाळेची बसही रिकाम्या रस्त्यावर जोरात जाते आणि थांब्यांवर वेळ घालवते. तसेच हे आहे.

वाऱ्यामुळेही वेळ कमीजास्त होतो. सायकल चालवताना वारा मागून असला तर पाय दुखत नाहीत, आणि समोरून असला तर दुखतात. विमानाचेही तसेच असते. पृथ्वीच्या काही भागांत उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे फार जोराचे वारे वाहतात. म्हणून लंडनहून मुंबईला येताना विमानाला कमी वेळ लागतो आणि मुंबईहून लंडनला जाताना जास्त लागतो. आपल्या मुंबईच्या वाटेवर असे जोराचे वारे सहसा नसतात. म्हणून जाताना आणि येताना जवळजवळ सारखाच वेळ लागतो.

विमान किती उंच जाते, ठाऊक आहे का? आपल्या देशातला सर्वांत उंच डोंगर ब्लॅक रिव्हर भागात आहे. त्याची उंची ८२८ मीटर आहे. असे तेरा डोंगर एकावर एक रचले तर विमानाच्या उंचीपर्यंत पोचतील. तिथे बाहेरची हवा बर्फापेक्षाही कितीतरी थंड असते, आणि श्वास घ्यायला पुरणार नाही इतकी विरळ असते. म्हणून विमानाच्या खिडक्या उघडत नाहीत.

आता शेवटच्या बाकावरच्या मुलीच्या उत्तराकडे वळू. मला ते उत्तर फार आवडले होते. त्यासाठी एक कोडे घालते. नीट ऐका.

समजा, तुमचे विमान मॉरिशसहून रात्री नऊ वाजता निघाले. ते मुंबईला उतरले तेव्हा तिथल्या घड्याळात पहाटेचे साडेचार वाजले होते. नऊपासून साडेचारपर्यंत किती तास होतात? साडेसात.

परतीच्या वेळी तुमचे विमान मुंबईहून सकाळी सात वाजता निघाले. ते मॉरिशसला उतरले तेव्हा इथल्या घड्याळात सकाळचे साडेअकरा वाजले होते. सातपासून साडेअकरापर्यंत किती? साडेचार.

जाताना साडेसात तास आणि येताना साडेचार! मग येताना विमान जोरात आले का? नाही. विमान दोन्ही वेळा सहा तासच उडत होते. घड्याळे दोन होती, म्हणून हा घोटाळा झाला. निघताना आपण एका देशाचे घड्याळ पाहिले आणि उतरताना दुसऱ्या देशाचे.

यातली एक गंमत सांगते. साडेसात आणि साडेचार यांची बेरीज करा. बारा येतात. बाराचे निम्मे करा. सहा! जायला आणि यायला सारखा वेळ लागत असेल तर ही युक्ती नेहमी चालते. दोन देशांच्या घड्याळांतला फरक ठाऊक नसला तरी चालते.

पण घड्याळांत फरक असतोच कशाला? पृथ्वी स्वतःभोवती फिरते. चोवीस तासांत ती एक फेरी पूर्ण करते. एका फेरीत ३६० अंश असतात. ३६० ला २४ ने भागले की १५ येतात. म्हणजे पृथ्वी दर तासाला १५ अंश फिरते. पूर्वेकडच्या गावांना सूर्य आधी दिसतो आणि पश्चिमेकडच्या गावांना नंतर. मुंबई आपल्या पूर्वेला सुमारे १५ अंशांवर आहे. म्हणून मुंबईच्या डोक्यावर सूर्य आपल्यापेक्षा साधारण एक तास आधी येतो.

आता कोणी हुशार मूल विचारेल, "बाई, मग एक तासाचा फरक हवा. दीड तास कसा?" फार चांगला प्रश्न आहे. प्रत्येक गावाने आपले वेगळे घड्याळ ठेवले तर आगगाडी, विमान, शाळा, कशाचाच मेळ बसणार नाही. म्हणून बहुतेक देश एक रेषा ठरवतात आणि त्या रेषेवरची वेळ पाळतात. आपण ६० अंशांच्या रेषेची वेळ पाळतो. भारत मोठा आहे. त्याने साऱ्या देशासाठी साडेब्याऐंशी अंशांची रेषा धरली आहे. ती उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जाते. साडेब्याऐंशीतून साठ गेले, राहिले साडेबावीस. पंधरा अंशांचा एक तास आणि उरलेल्या साडेसात अंशांचा अर्धा तास. झाला की नाही दीड तास?

आपल्या मराठी भाषेने या दोन गोष्टी कशा वेगळ्या ठेवल्या आहेत पाहा. 'प्रवासाला सहा तास वेळ लागला' असे आपण म्हणतो. 'जेवणाची वेळ झाली' असेही म्हणतो. शब्द एकच, 'वेळ'. पण पहिल्या वाक्यात 'लागला' आहे आणि दुसऱ्या वाक्यात 'झाली' आहे. जो वेळ लागतो तो विमान ठरवते. जी वेळ होते ती सूर्य आणि घड्याळ ठरवतात. हा फरक मी विसरले होते, आणि त्यामुळे माझी चांगली फजिती झाली. तीही सांगते.

सन २००३ च्या जानेवारीत मी शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी सहा महिने महाराष्ट्रात गेले. माझा तो पहिलाच विमानप्रवास होता. निघताना आजी म्हणाली, "पोचलीस की लगेच फोन कर." आजी तेव्हा ऐंशीच्या पुढे होती. वाक्वाच्या आमच्या घरी ती अंगणात खुर्ची टाकून बसत असे. मॉरिशसच्या बाहेर ती कधीच गेली नव्हती.

मुंबईला पोचल्यावर मी मोठ्या ऐटीत हातातले घड्याळ दीड तास पुढे केले. सामान घेऊन बाहेर आले. इथे आपल्याकडे कडक उन्हाळा होता, आणि तिथे पहाटेच्या गारव्याने मला शाल पांघरावी लागली. सहा वाजले होते. फोनचे बूथ शोधले आणि आनंदाने घरी फोन लावला. किती तरी वेळ कोणी उचलला नाही. मग बाबांचा घाबरलेला आवाज आला, "काय झाले? बरी आहेस ना?" मागून आईचा आणि आजीचा आवाज ऐकू येत होता. सारे घर धडपडत उठले होते. घरी तेव्हा पहाटेचे साडेचार वाजले होते! मी माझे घड्याळ पुढे केले, पण घरचे घड्याळ मागेच आहे हे विसरले. तेव्हापासून मी आधी दीड तास वजा करते आणि मगच फोन लावते.

मुलांनो, आज आपल्याला सहा तास फार वाटतात. पाय अवघडतात, कंटाळा येतो. आता आपले पूर्वज हीच वाट कसे आले ते आठवून पाहा.

पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावर तुम्ही सहलीला गेला असाल. तिथल्या सोळा दगडी पायऱ्या तुम्ही मोजल्या असतील. २ नोव्हेंबर १८३४ या दिवशी 'अ‍ॅटलास' नावाचे जहाज कलकत्त्याहून आले आणि त्यातून ३६ मजूर उतरले. पुढे १९२० पर्यंत सुमारे पाच लाख माणसे भारतातून या घाटावर आली. मुंबई बंदरातूनही जहाजे सुटत. त्यांतून कोकणातली मराठी माणसे आली. उसाच्या मळ्यांत कष्ट करण्यासाठी त्यांना आणले होते. २००६ साली हा घाट जागतिक वारसास्थळ झाला.

शिडाचे जहाज वाऱ्यावर चालते. ते दिवसाला २०० किलोमीटर गेले असे समजू. ४,७०० ला २०० ने भागा. साडेतेवीस दिवस! पण हा हिशोब वारा रोज चांगला असेल तरचा आहे. वारा पडला की जहाज जागच्या जागी उभे. वारा उलटा फिरला की जहाज वाट सोडून दूर. म्हणून प्रवास आणखी कितीतरी लांबत असे. पिण्याचे पाणी मोजून मिळे. जहाजावर आजार पसरले तर माणसे दगावत. ज्यांना परत जायचे असेल त्यांना पुन्हा तेवढाच प्रवास करावा लागे. काही जण परत गेले. पुष्कळ जण इथेच राहिले. त्यांनी आपली भाषा, गणपती आणि झाकरीचा नाच या मातीत रुजवला.

लक्षात घ्या, मुंबई तेव्हाही ४,७०० किलोमीटरच लांब होती आणि आजही तेवढीच आहे. अंतर तसूभरही कमी झाले नाही. फक्त वेळ कमी झाला.

माझ्या आजीचे आजोबा अशाच एका जहाजातून आले. रत्नागिरीकडचे त्यांचे गाव. आईवडिलांचा हात धरून ते जहाजावर चढले तेव्हा दहा वर्षांचे होते. ते आजीला सांगत, "रात्री मी जहाजावर पडून आकाशात बघायचो. ध्रुवतारा दिसला की वाटायचे, आपले घर त्या बाजूला आहे. पण रोज रात्री तो थोडाथोडा खाली उतरायचा. एके रात्री तो पाण्यात बुडाला. मग पुन्हा कधीच दिसला नाही."

आजी मला बाळ ध्रुवाची गोष्ट सांगे. त्याला वडिलांच्या मांडीवरून उठवले, मग त्याने तप केले आणि त्याला आकाशात अढळ जागा मिळाली, ही गोष्ट तुम्हांलाही ठाऊक आहे. लहानपणी गोष्ट संपली की मी अंगणात धावत जाई आणि विचारी, "आजी, यांतला ध्रुव कोणता?" आजी म्हणे, "बाळ, तो इथून दिसत नाही." मला ते पटत नसे. जो अढळ आहे, तो दिसत कसा नाही?

याचे उत्तर आपल्या या गोलावरच आहे. ध्रुवतारा पृथ्वीच्या उत्तर टोकाच्या जवळजवळ बरोबर वर आहे. विषुववृत्तावर उभे राहिले तर तो थेट क्षितिजाला टेकलेला असतो. तिथून उत्तरेला जितके अंश जाल, तितके अंश तो वर चढतो. मुंबई विषुववृत्ताच्या उत्तरेला १९ अंशांवर आहे. म्हणून तिथे तो क्षितिजापासून १९ अंश वर दिसतो. हात लांब करून मूठ धरा. एक मूठ म्हणजे साधारण १० अंश. म्हणजे मुंबईत तो जवळजवळ दोन मुठी उंच असतो. आपण विषुववृत्ताच्या दक्षिणेला २० अंशांवर आहोत. म्हणून आपल्यासाठी तो क्षितिजाच्या खाली लपलेला असतो. मुंबईला जाताना साधारण अर्ध्या वाटेवर, तीन तासांनी, विमान विषुववृत्त ओलांडते. खाली कोणतीही रेषा दिसत नाही. पण आकाश बदलते आणि ऋतूही बदलतात.

त्या वर्षी मे महिन्याच्या सुट्टीत मी एका मैत्रिणीबरोबर रत्नागिरीला गेले. दिवसभर फार उकाडा होता. रात्री आम्ही अंगणात खाटेवर बसलो होतो. मी मैत्रिणीच्या आईला विचारले, "काकू, ध्रुवतारा कोणता हो?" काकू हसल्या. त्यांना वाटले, एवढी शिकलेली मुलगी, आणि हिला ध्रुव ठाऊक नाही! त्यांनी आधी सप्तर्षी दाखवले. मग सप्तर्षींतल्या पुढच्या दोन ताऱ्यांची रेषा बोटाने पुढे नेली आणि म्हणाल्या, "तो बघ."

मला वाटले होते, ध्रुव फार तेजस्वी असेल. तो तर साधाच तारा होता. माडांच्या शेंड्यांजवळ शांतपणे चमकत होता. मी मूठ धरून मोजले. दोन मुठी पुरत्या भरल्या नाहीत. रत्नागिरी मुंबईच्याही थोडी दक्षिणेला आहे ना! मध्यरात्री उठून मी पुन्हा पाहिले. बाकीचे तारे सरकले होते. तो तिथेच होता.

दुसऱ्या दिवशी मी घरी फोन केला. या वेळी दीड तास नीट वजा केला होता. आजी फोनवर आली. मी म्हटले, "आजी, मी ध्रुव पाहिला. तुझ्या आजोबांनी पाहिला होता, तोच."

आजी थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग तिने विचारले, "जागेवरच आहे का गं?"

मी म्हटले, "हो आजी, जागेवरच आहे."

आजी म्हणाली, "म्हणजे तो बुडाला नव्हता. आपणच तेवढे लांब आलो होतो."

मुलांनो, मुंबई किती लांब आहे, या प्रश्नाचे हे आजीचे उत्तर. ध्रुव दिसेनासा होईल इतकी मुंबई लांब आहे. आणि सहा तास विमानात बसले की तो पुन्हा दिसेल इतकी जवळ आहे.

तुमच्यापैकी कोणाचे काका लंडनला असतील, कोणाची आत्या मुंबईला असेल, कोणाची ताई पॅरिसला शिकत असेल. आज घरी गेल्यावर एक काम करा. तुमच्या माणसाचे शहर गोलावर शोधा. दोरा ताणा आणि किलोमीटर काढा. विमानाला किती वेळ लागेल याचा अंदाज करा. तिथे आता किती वाजले असतील ते ठरवा. आणि तिथे आता उजाडलेले असेल, कोणी झोपलेले नसेल, अशी खात्री झाली की त्यांना फोन करा आणि विचारा, "आमचा हिशोब बरोबर आला का?"

हिशोब चुकला तरी हरकत नाही. तुमचा आवाज ऐकून त्यांना आनंदच होईल. फक्त पहाटे साडेचारला फोन करू नका.

नमस्कार!

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मॉरिशस ते मुंबई हे अंतर किती आहे?
(आ) 'अ‍ॅटलास' जहाज कोणत्या दिवशी आले?
(इ) बाईंनी घरी फोन केला तेव्हा मॉरिशसमध्ये किती वाजले होते?
(ई) काकूंनी ध्रुवतारा कसा शोधून दाखवला?

२. कारणे सांगा.
(अ) सपाट नकाशावरचे लांबचे अंतर फसवे असते.
(आ) मॉरिशसमधून ध्रुवतारा दिसत नाही.
(इ) शिडाच्या जहाजाचा प्रवास लांबत असे.

३. हिशोब करा.
(अ) मॉरिशसमध्ये दुपारचे दोन वाजले आहेत. मुंबईत किती वाजले असतील?
(आ) मॉरिशसहून लंडनपर्यंत सुमारे ९,७०० किलोमीटर अंतर आहे. १०० सेंटिमीटर घेराच्या गोलावर त्यासाठी किती लांब दोरा लागेल?
(इ) एका विमानाला घड्याळांप्रमाणे जाताना आठ तास आणि येताना चार तास लागले. ते खरोखर किती तास उडत होते?

४. 'वेळ लागला' आणि 'वेळ झाली' यांचा उपयोग करून प्रत्येकी दोन वाक्ये लिहा.

५. तुमच्या घरातील सर्वांत वडील माणसाला विचारा, "आपले पूर्वज कोठून आले?" त्यांनी सांगितलेली हकिकत आठ-दहा ओळींत लिहून वर्गात वाचून दाखवा.